य आणि मात्रा

"चालू असला तर हात लावू नका त्याला," प्रणिताताई फाटकातूनच म्हणाल्या. "आधी नुसतं बघा."

मी चपला ओट्याखाली काढल्या आणि अवजारांची पिशवी काखेत धरून आत गेलो. दुपारचे साडेबारा झाले असतील. आर्वीतला चैत्र होता, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पुढच्या खोलीत एके काळी द्वारकाबाईंच्या काळमेघ टायपिंग क्लासची बारा मशीन ओळीनं खडखडत असायची. तिथं आता एक टेबल, एक खुर्ची आणि एक कॉम्प्युटर एवढंच उरलं होतं. खुर्चीवर बाईंची उशी तशीच होती, बसून बसून मध्ये दबलेली. खोलीत कोणी नव्हतं. पंखा बंद होता. आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत ओळीच ओळी.

"सकाळी सातला शाळेत जाताना मी बंद करून जाते," प्रणिताताई माझ्या पाठीमागे उभ्या राहून हळू आवाजात सांगत होत्या. "बाराच्या पुढं घरी येते तर हे असं. तीन आठवडे झाले, रोज. शब्द नाही, वाक्य नाही. दोनच खुणा. हा अर्धविराम, आणि हा एस. अर्धविराम, एस, अर्धविराम, एस. मी शाळेत इंग्रजी शिकवते काका. हे कुठलंच इंग्रजी नाही."

"घरी कोण असते?"

"बाबा. पण त्यांचं तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. बाबा म्हणजे त्यांचे सासरे, आमचे नानाजी. श्रावणात ताईंच्या सासूबाई, आमच्या द्वारकाबाई, गेल्या आणि त्यांच्या तेराव्याच्या दिवशी नानाजींची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. तेव्हापासून ते मागच्या खोलीत खाटेवर. मी दारातून डोकावून पाहिलं. ते भिंतीकडं तोंड करून झोपले होते. कोपऱ्यात तेलाची बाटली होती. प्रणिताताई रोज पहाटे त्यांच्या दोन्ही हातांना नारायण तेल चोळायच्या. खोलीभर त्याचा वास होता.

"विवेक म्हणतात, विकून टाक," त्या म्हणाल्या. विवेक म्हणजे त्यांचे यजमान, नागपूरला नोकरीला. "पण आईंची वस्तू आहे. आणि खरं सांगू? विकायची पण भीती वाटते. तुम्ही दुरुस्त करा. या घरात मला रोज परत यायचंय."

एवढं बोलून त्या दाराच्या चौकटीला टेकल्या.

मी खाली बसलो आणि मागच्या वायरी काढायला लागलो.

आता माझं सांगतो. मी येसाजी, लोहाराचा. शाळेची पायरी चढलो नाही. भात्याजवळ वाढलो. टायपिंग क्लासातल्या एका मशीनची स्प्रिंग तुटली, ती मी घडवून दिली, तेव्हापासून बाईंच्या बारा मशीनचा मी वैद्य झालो. वाचता एक अक्षर येत नव्हतं आणि हे मी कोणाला कळू दिलं नव्हतं. एकदा उखडलेली अक्षरं कथलाचा डाग देऊन बसवताना मी ध आणि घ यांची अदलाबदल केली. आठवडाभर तहसिलीत ज्यांचे अर्ज गेले, त्या सगळ्यांचं धरण घरण झालं आणि घर धर झालं. बाईंनी मला समोर बसवलं. ओरडतील असं वाटलं होतं.

"येसू, तुला वाचता येत नाही ना?" त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो.

"उद्यापासून दुपारी बाराला ये. क्लास सुटला की."

पाटी नाही, पेन्सिल नाही. बाईंनी मला मशीनवरच शिकवलं. मधल्या ओळीवर दहा बोटं ठेवायची आणि डोळे मिटायचे. उजव्या करंगळीखाली य. डाव्या अनामिकेखाली मात्रा. उजव्या मधल्या बोटाखाली काना. मला अक्षरं आधी बोटांना आली, डोळ्यांना नंतर. अजूनही एखादा अवघड शब्द आला की माझी बोटं मांडीवर हलतात. नातवंडं हसतात.

शब्द झाला की पूर्णविराम. त्याबाबतीत बाई कडक. "पूर्णविराम न देता उठलास म्हणजे दार उघडं टाकून गेलास," त्या म्हणायच्या. नानाजी त्यांचेच विद्यार्थी. टायपिंग शिकायला आले आणि बाईंशी लग्न करून बसले. पण परीक्षेत दोनदा नापास झाले ते वेगामुळं नाही, पूर्णविरामामुळं. "यांनी जन्मात एक दार लावलं नाही," असं बाई भर क्लासात म्हणायच्या आणि पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या.

तर त्या दिवशी मी कॉम्प्युटर सोडला. मशीन बंद पडल्यावर बाईंनी हा घेतला होता, आणि त्याचा पंखा, त्याच्या पिना, त्याचा पॉवरचा डबा हे सगळं मीच सांभाळत आलो होतो. कीबोर्ड उलटा करून झटकला. बिस्किटाचा चुरा पडला, मुंग्या पडल्या, एक टाचणी पडली. बटणं एकेक उपसून काढली. एका बटणाखाली एक लांब पांढरा केस गुंडाळलेला निघाला. तो मी कागदात ठेवला. का ठेवला, सांगता येणार नाही.

सगळं पुसून, सुकवून, परत बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला.

"काका, आजही आहे."

मग तो सगळा संसार मी सायकलवर लादून दुकानात आणला. तीन दिवस दुकानात चालू ठेवला. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्याच्या समोर बसलो. एक अक्षर उमटलं नाही. शेजारी हनीफभाईचं सायकलचं दुकान. ते पंक्चर काढता काढता म्हणाले, "येसाजी, दवाखान्यात आलं का दुखणं पळते, तशी गत हाय तुही."

"मशीन चांगली हाय हनीफभाई. बिघाड सापडून नाही राह्यला."

"मंग मशीन बरी असन. घरच बिघडलं असन."

मी हसलो. परत नेऊन बसवला. त्याच दुपारी फोन. नवा कीबोर्ड आणला, लावला. फोन. मागची जोडणी बदलली. फोन. एका मास्तरांकडून त्याच्यातले रोग मारायची तबकडी आणून फिरवली, चार तास. दुसऱ्या दिवशी फोन. दुसऱ्याचं यंत्र आपल्या हातून बरं होत नाही, याच्यासारखा छळ नाही. आपलं असतं तर दगडानं फोडलं असतं. जेवताना घास तोंडाशी थांबायचा. घरची म्हणाली, "त्या डब्ब्यानं तुमाले खाल्लं."

पाचव्यांदा गेलो तेव्हा प्रणिताताई शाळेतून आल्या नव्हत्या. आत नानाजी असल्यानं त्या कुलूप लावत नसत, दार नुसतं लोटून जायच्या. मी दार ढकलून आत शिरलो. पडदा भरलेला होता.

मी उभा राहिलो आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. इतके दिवस मी बिघाड पाहत होतो, अक्षरं पाहिलीच नव्हती. इंग्रजी मला येत नाही. पण पडद्यावरच्या खुणेसारखी खूण कीबोर्डावर कुठं आहे, ती शोधता येते. पहिली खूण शोधली. तिच्यावर बोट ठेवलं. दुसरी शोधली. तिच्यावर दुसरं बोट ठेवलं.

उजवी करंगळी. डावी अनामिका.

माझे डोळे आपोआप मिटले. दिवाळीला विवेकभाऊंनी कॉम्प्युटर साफ करून सगळं नव्यानं भरलं होतं आणि त्यात बाईंची मराठी अक्षरं पुसली गेली होती. गावात पन्नास ठिकाणी अशी तक्रार मी पाहिली होती. आपण मराठी टाइप करायचं, आणि वर उमटायचं इंग्रजी. बोटं जुनीच, खुणा परक्या.

य आणि मात्रा.

ये. ये. ये. ये. ये. अख्खा पडदा.

घराच्या मागं कुठंतरी कावळा ओरडला. मी खुर्चीवरच्या उशीकडं पाहिलं. मग हात काढून घेतले, मागं सरलो, दार ओढून घेतलं आणि उन्हात सायकल न घेताच चौकापर्यंत चालत आलो.

बाई मला 'ये' म्हणायच्या. 'दुपारी बाराला ये.' आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षरही तेच. येसू म्हणताना आधी येच लिहावं लागतं. मी विचार केला, बाई मला बोलावताहेत. नाव पुरं करायला बोटांना जोर पुरत नाही, एवढंच. साठीला टेकलेला माणूस मी, वीतभर लोखंड हातानं वाकवणारा. त्या रात्री उशीत तोंड खुपसून पडून होतो.

सकाळी प्रणिताताई दुकानात आल्या. शाळेत गेल्या नव्हत्या.

"काका, काल सायकल टाकून गेलात. तुम्हाला काही दिसलं का?"

"नाही ताई. वायरचा दोष हाय."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला." त्या स्टुलावर बसल्या. "मी विवेकना सांगितलंय, बाबांना नागपूरला घेऊन जा. तिथं एक संस्था आहे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात. मला नकोय ते. मी त्यांना लेकीसारखी वागवते. पण त्या घरात मला राहवत नाही. शनिवारी गाडी येणार आहे."

"शनिवार म्हणजे चार दिवस राह्यले."

"हो."

"बाई गेल्या तेव्हा काय झालं होतं, ताई?" मी विचारलं. मी तेव्हा लेकीकडं वर्ध्याला होतो.

"छातीत दुखायला लागलं दुपारी. बाबा औषध आणायला चौकात गेले होते. तेवढ्यात गाडी आली, डॉक्टर म्हणाले थांबू नका. आई सारख्या दाराकडं बघत होत्या. म्हणत होत्या, 'त्यांना सांगितलं नाही, त्यांना सांगितलं नाही.' वाटेतच गेल्या. बाबा औषधाची पुडी घेऊन आले तर घर उघडं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "सांगायचं काय होतं, ते राहूनच गेलं."

मला ठाऊक होतं काय सांगायचं होतं.

नव्या लोकांना हसू येईल. नानाजी कचेरीत जायला निघाले की उंबऱ्याशी थांबायचे आणि म्हणायचे, "येतो." आतून बाईंनी "या" म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. बाई बारा पोरींना मजकूर सांगत असल्या तरी मध्येच, मान वर न करता, "या" म्हणायच्या आणि मजकूर पुढं चालू. बाई बाजारात निघाल्या की उलटं. "येते." आणि आतून नानाजींचा आवाज, "ये." आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत. पण या दोघांची जोडी म्हणजे कुलूप आणि किल्ली. पोरी मागून नक्कल करायच्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी मागच्या अंगणातून घरात शिरलो. प्रणिताताईंना सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात मोठ्या पिंपाआड बसलो. तिथून पुढची खोली अर्धी दिसते. भीती होती, पण शनिवारच्या आत मला ते यंत्र बरं करायचं होतं. त्या घरातनं नानाजींना कोणी उचलून नेणं मला बघवणार नव्हतं.

नळाचा थेंब पडत होता. पत्रा तापून कडकन वाजला. मग पुढच्या खोलीत टीं असा आवाज झाला आणि कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला. आपोआप.

नंतर थोडा वेळ काही नाही. आणि मग, टक. थांबून, टक.

मी पिंपाच्या कडेनं डोकं काढलं.

नानाजी उभे होते. कुशीवर वळवायला माणूस लागतो ते नानाजी, टेबलाच्या कडेला पोट टेकवून उभे होते. खुर्चीला त्यांनी हात लावला नव्हता, ती बाईंची. उजवा हात खाली लोंबत होता. डाव्या हाताचं एकच बोट करंगळीच्या जागी जायचं, मग सावकाश पार दुसऱ्या टोकाला अनामिकेच्या जागी. टक. टक. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एक ओळ झाली की ते थांबायचे आणि दाराकडं पाहायचे. किती तरी वेळ पाहायचे. मग परत, टक. टक.

मी आलो तसाच निघून गेलो. संध्याकाळी पुरा कीबोर्ड दुकानात आणला आणि उजेडात धरला. इतक्या दिवसांत मी जुना आतून साफ केला होता, हा नवा वरून पाहिलाच नव्हता. दोनच बटणांवर तेलाचे डाग होते. नाकाशी नेलं. नारायण तेल.

ताईंच्या चोळण्यानं अंगात बळ आलं होतं. ते नानाजींनी लपवून ठेवलं होतं आणि ते सगळं या दोन बटणांवर खर्च होत होतं.

रात्रभर विचार केला. ताईंना सांगावं, तर त्या म्हणतील, चालता येतं मग न्यायला सोपं. नानाजींना सांगावं की मी पाहिलं, तर त्यांची लाज जाणार. आणि एक गोष्ट मला टोचत होती. ती हाक होती असं मी धरून चाललो होतो. पण नानाजींच्या तोंडी 'ये' ही हाक कधी नव्हतीच. ते उत्तर होतं. 'येते' कोणी म्हटलंच नव्हतं, आणि हा माणूस आठ महिने त्याचं उत्तर हातात धरून उभा होता.

गुरुवारी सकाळी ताई शाळेला निघायच्या वेळी मी कीबोर्ड घेऊन गेलो.

"झाला का नीट?"

"होईन ताई. आज होईन."

त्या गेल्या. मी कॉम्प्युटर लावला. जुन्या ओळी पुसल्या. बाईंच्या खुर्चीत बसलो नाही, नानाजींसारखा उभाच राहिलो. मधल्या ओळीवर बोटं ठेवली, डोळे मिटले, आणि लिहिलं. य. मात्रा. त. मात्रा. आणि बाईंच्या धाकानं, सवयीनं, पूर्णविराम. डोळे उघडले तर पडद्यावर परक्या खुणांची एक लहानशी रांग, आणि पूर्णविरामाच्या जागी एक बारीक आडवी रेघ.

येते.

यंत्र चालूच ठेवून निघालो. साडेदहाला परत येऊन पारिजातकाच्या झाडामागं खिडकीशी उभा राहिलो. अकराला नानाजी भिंतीला धरून आले. पडदा उजळला तशी त्यांची मान पुढं झाली. त्यांनी एकेक खूण शोधून तिच्या बटणावर बोट ठेवलं, जसं मी ठेवलं होतं. चौथ्या खुणेवर बोट थांबलं. मग ते त्या आडव्या रेघेला काचेवरून शिवले. हलकेच, डोळ्यात गेलेला कण काढावा तसे.

आणि त्यांनी एकदाच लिहिलं. टक. टक.

मग कॉम्प्युटर बंद केला, उशीवर हात ठेवला आणि निघून गेले.

दुपारी फोन आला नाही. मीच गेलो. प्रणिताताईंचा चेहरा उजळला होता. "काका, आज काही नाही! पडदा काळाच्या काळा. आणि बाबांनी आज अख्खी भाकर खाल्ली, मला खूण करून वरण मागितलं. काय केलंत तुम्ही?"

"दोन बटणं अडकत होती," मी म्हणालो.

शनिवारी गाडी आली नाही. ताईंनीच नको म्हणून कळवलं. मी दुकानात शीळ घालत होतो, हनीफभाई म्हणाले, "आज लय खुशीत हाय लोहार." मी त्यांना चहा पाजला. असं काम माझ्या हातून जन्मात झालं नव्हतं. नऊ दिवस मी तसाच फिरलो.

दहाव्या दिवशी दुपारी ताईंच्या शेजारच्या घरातलं माणूस सायकल मारत आलं.

घरासमोर चार लोक जमले होते. नानाजी उंबऱ्यावर बसले होते, पाठ चौकटीला टेकलेली. काळी टोपी घातलेली. सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली. पायात चपला. आठ महिन्यांत त्यांच्या चपला कोणी पाहिल्या नव्हत्या. खाटेखालच्या पेटीतून काढल्या असाव्यात. एक पाऊल उंबऱ्याबाहेर टेकलेलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. चेहऱ्यावर काही त्रास नव्हता. एखादा माणूस निघताना आतलं उत्तर ऐकायला मान वळवतो, तशी मान वळलेली होती.

प्रणिताताई रडत नव्हत्या. त्यांनी माझी बाही धरली.

"इतकं चालत आले कसे ते?" त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "काका, आत जा. ते परत चालू झालंय."

मी आत गेलो. पंखा घरघरत होता. मी इथं 'येते' लिहिलं ते निरोपाचं लिहिलं होतं. पण बोलावल्यावर माणूस जे उत्तर देतो, तेही येतेच. नानाजींनी कोणतं वाचलं, हे मी नऊ दिवसांत एकदाही मनाला विचारलं नव्हतं. टेबलापर्यंत जाताना ते मला कळलं.

पडद्यावर दोन ओळी होत्या.

पहिली ओळ मी बोटांनी वाचली. य, मात्रा, त, काना, मात्रा. येतो. बटणांवर ओलं तेल होतं. पुढं रेघ नव्हती. नानाजींनी जन्मात दार लावलं नाही.

"बाई, तुमी हात लावला का याले?" मी ओरडून विचारलं. हे बाई कोणाला म्हणालो, मलाच ठाऊक नाही. दारातून प्रणिताताई म्हणाल्या, "मी आत गेलेच नाही. बाहेरूनच पाहिलं. का? काय लिहिलंय?"

आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. ती दुसरी ओळ नानाजींनीच लिहिली असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. असेलही. बटणं तीच लागतात.

"काही नाही ताई," मी म्हणालो. "यंत्र बिघडलंय. माझ्याच्यानं होत नाही."

दुसऱ्या ओळीत दोनच खुणा होत्या. मी उजवी करंगळी ठेवली. य. त्याच हाताचं मधलं बोट ठेवलं. काना.

आणि त्याच्यापुढं ती बारीक आडवी रेघ.